गूगल वेव्ह येतेय: सगळ्यांच्या तोंडी असलेल्या प्रश्नांची उत्तरं

(हा लेख सप्टेंबर २००९ मधला आहे, त्यातलं ‘आता’ तेव्हाचं. गूगल वेव्ह ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली.)

२८ मे २००९ ला सॅन फ्रान्सिस्कोमधल्या गूगल आयओ या प्रोग्रॅमरसाठीच्या परिषदेत वेव्हचं प्रात्यक्षिक झालं, आणि तेव्हापासून ओळखीतले सगळे मला तेच तेच विचारताहेत. आता ३० सप्टेंबरला साधारण १ लाख लोकांसाठी दार उघडणार म्हटल्यावर तर प्रश्नांचा पाऊसच पडलाय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहितो. परिषदेतला सव्वा तासाहून मोठा व्हिडिओ आणि वेव्हच्या चमूने खुले केलेले तांत्रिक लेख, यांवर ही उत्तरं बेतलेली आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी तो व्हिडिओ पूर्ण बघाच. शेवटी सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं, आणि त्या टाळ्या उगाच नाहीत.

वेव्ह म्हणजे नेमकं काय? मेल, चॅट की विकी?

तिन्ही, आणि म्हणूनच सांगायला अवघड. एक वेव्ह म्हणजे सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मध्यवर्ती संगणकावर, ठेवलेलं एक पान. त्यात तुम्ही माणसं जोडता. जोडलेला प्रत्येक जण त्या पानात कुठेही लिहू शकतो, मध्येच उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करू शकतो, फोटो टाकू शकतो. सगळे एकाच वेळी हजर असतील तर ते चॅटसारखं चालतं. कोणी रात्री लिहिलं आणि दुसऱ्याने सकाळी वाचलं तर ते मेलसारखं होतं. आणि सगळ्यांनी मिळून लिहायच्या विकीच्या पानासारखा मजकूर घासूनपुसून नीट केला की तेच पान अहवाल किंवा टिपण म्हणून वापरता येतं.

बोलणं एकीकडे आणि बोलण्यातून तयार झालेला कागद दुसरीकडे, ही फाळणी वेव्हने मोडली आहे. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कोणी बनवली?

लार्स आणि येन्स रासमुसेन या भावांनी आणि त्यांच्या सिडनीतल्या चमूने. गूगल मॅप्सचा पाया यांनीच घातला. त्यांची छोटी कंपनी गूगलने २००४ मध्ये घेतली आणि २००५ मध्ये मॅप्स आलं. नकाशा माउसने धरून सरकवता येतो ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घालून पाहिली होती. मॅप्सनंतर काय, तर संवाद, असं येन्सने सुचवलं. ईमेलचा शोध आज लागला असता तर तो कसा दिसला असता, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली.

पण मेलमध्ये असं काय बिघडलंय?

रे टॉमलिन्सनने दोन संगणकांमध्ये पहिला मेल पाठवला १९७१ मध्ये. मेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतो ते १९८२ चे. त्या माणसांनी केलेलं काम एवढं भक्कम होतं की आजही अख्खं जग त्यावर उभं आहे, आणि याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी समोर ठेवलं होतं ते टपाल. पत्र लिहायचं, पाकिटात घालायचं, पाठवायचं. पाठवलेलं पत्र आता समोरच्याचं. त्यात बदल करायचा तर नवीन पत्र.

याचा परिणाम रोज भोगतो आपण. पाच जणांना मेल पाठवला की पाच प्रती झाल्या. दोघांनी उत्तर दिलं, एक जण ‘रिप्लाय ऑल’ करायला विसरला, तिसऱ्याने जुन्याच मेलला उत्तर ठोकलं, की धागा तीन ठिकाणी फाटला. मधेच सहावा माणूस आला तर त्याला सगळं फॉरवर्ड करा. तो बिचारा खालून वर वाचत बसणार.

आणि अटॅचमेंट! आमच्या गटाचा एक अहवाल चौघांत फिरत होता. फाइलच्या नावापुढे आधी ‘सुधारित’ लागलं, मग ‘अंतिम’, मग ‘अंतिम २’. त्यात एकाने ‘सुधारित’वरच दोन दिवस काम केलं आणि ते सगळं पुन्हा हाताने जुळवावं लागलं. दोष कुणाचाच नव्हता. प्रती वाटायच्या म्हटल्या की हे व्हायचंच.

वेव्हमध्ये वाटायला प्रतीच नाहीत. पान एक, ते सर्व्हरवर, सगळे त्याकडेच बघताहेत.

आतून ती दिसते कशी?

जीमेल वापरणाऱ्याला पहिला पडदा परका वाटणार नाही. डावीकडे फोल्डर आणि ओळखीची माणसं, मध्ये वेव्हची यादी, उजवीकडे उघडलेली वेव्ह. वर सहभागी लोकांचे छोटे फोटो.

वेव्हमधल्या एकेका संदेशाला ब्लिप म्हणतात. ब्लिपच्या खाली उत्तर देता येतंच, पण वाक्याच्या मधोमधही देता येतं. म्हणजे कोणी एका परिच्छेदात तीन गोष्टी विचारल्या असतील तर तुम्ही तिन्ही ठिकाणी जागच्या जागी उत्तर लिहिता. संबंधित ब्लिपांचा गट म्हणजे वेव्हलेट. एखाद्याशीच चार शब्द बोलायचे असतील तर त्याच वेव्हमध्ये खासगी उत्तर देता येतं. ती वेगळी वेव्हलेट असते आणि बाकीच्यांना दिसत नाही.

मला सर्वांत आवडलं ते प्लेबॅक. समजा तुम्हाला एखाद्या वेव्हमध्ये उशिरा घेतलं. समोर पंचवीस ब्लिप, त्यातले निम्मे एकमेकांच्या पोटात. आधी काय, नंतर काय, पत्ता लागत नाही. मग प्लेबॅक दाबायचं. वेव्ह रिकाम्या पानापासून सुरू होते आणि एकेक पाऊल पुढे सरकते: हा बोलला, त्याने खोडलं, हिने फोटो टाकला. पाहिजे तिथे थांबा, मागे जा. कुणाचं वाक्य कुणी बदललं हेही त्यात दिसतं, त्यामुळे ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ या वादाला जागा उरत नाही.

दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत लिहिलं तर गोंधळ नाही होणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याने वेव्हच्या मर्मावर बोट ठेवलंय, त्यामुळे इथे जरा थांबू.

समजा ओळ आहे ‘दर ४०’. तुम्ही सुरुवातीला ‘नवा’ आणि एक मोकळी जागा घालता. त्याच क्षणी मी शेवटचा ० काढून ५ करतो. माझा बदल सर्व्हरकडे जातो तो असा: पाचव्या खुणेच्या जागी ५ टाका. द, र, मोकळी जागा, ४, ०, शून्य पाचवं. बरोबर. पण तोवर तुमचा ‘नवा’ पोहोचलेला असतो आणि ओळ झालेली असते ‘नवा दर ४०’. आता पाचवी खूण कोणती? संगणकाच्या हिशेबात काना वेगळा मोजला जातो, म्हणून न, व, काना आणि मोकळी जागा मिळून चार, आणि पाचवा येतो द. माझा बदल आहे तसा लावला तर ओळ होईल ‘नवा ५र ४०’. सत्यानाश.

सर्व्हर काय करतो? माझा बदल लावण्याआधी तो बघतो की त्या जागेच्या अलीकडे चार खुणा नव्याने आल्यात, म्हणून पाचऐवजी नववी जागा धरतो. ओळ होते ‘नवा दर ४५’. तुमच्या पडद्यावरही तीच, माझ्याही पडद्यावर तीच. या तंत्राला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एलिस आणि गिब्स या दोघांनी ते १९८९ मध्ये मांडलं, आणि १९९५ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या ज्युपिटर प्रणालीने त्यात सर्व्हरला मध्यस्थ केलं. वेव्हचा चमू त्याच वाटेने गेलाय. त्यांनी घातलेली एक अट मला फार शहाणपणाची वाटते: तुमच्या संगणकाने पाठवलेला बदल मिळाल्याची पावती सर्व्हरकडून येईपर्यंत पुढचा बदल पाठवायचा नाही, तोवर झालेले बदल साठवून एकत्र पाठवायचे. त्यामुळे शेकडो लोक लिहीत असले तरी सर्व्हरला पानाच्या बदलांचा एकच सरळ इतिहास सांभाळावा लागतो.

वीस वर्षांपूर्वीची संशोधनातली कल्पना आता साध्या ब्राउझरमध्ये, साध्या माणसाच्या हातात येतेय. मला एवढी उत्सुकता का आहे, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मी टाइप करताना समोरच्याला अक्षर न अक्षर दिसणार? नको वाटतं.

बहुतेकांना आधी असंच वाटतं. ही कल्पना जुनी आहे. १९७३ मध्ये प्लेटो या शिक्षणासाठीच्या संगणक प्रणालीवरच्या टॉकोमॅटिक नावाच्या चॅटमध्ये असंच दिसायचं, युनिक्सवरच्या टॉक या चॅटमध्येही. पुढे मेसेंजर आले आणि ‘अमुक लिहीत आहे’ या पाटीकडे बघत बसायची सवय आपल्याला लागली. वेव्हच्या चमूचं म्हणणं असं की त्या वाट बघण्यात चॅटचा बराच वेळ वाया जातो. समोरचा काय विचारतोय हे अर्ध्यातच कळलं तर उत्तर लगेच सुरू करता येतं.

माझं मत विचाराल तर कामाच्या बोलण्यात हे छान चालेल, मनातल्या बोलण्यात नाही. लिहून खोडणं ही माणसाची हक्काची जागा आहे. चमूलाही हे पटलेलं दिसतं, कारण लिखाण पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवायला ड्राफ्टची चौकट ठेवणार असं त्यांनी प्रात्यक्षिकातच सांगितलं. ती चौकट सहज सापडेल अशा जागी असावी, एवढीच माझी मागणी.

रोबॉट कसले आहेत त्यात?

वेव्हमध्ये माणसासारखाच सहभागी होणारा प्रोग्रॅम म्हणजे रोबॉट. तो वाचतो, लिहितो, दुरुस्त करतो. स्पेलिंग तपासणारी स्पेली बघा. ती नुसता शब्दकोश चाळत नाही, आजूबाजूचे शब्द बघते. प्रात्यक्षिकात एकाच वाक्यात एकच चुकीचं स्पेलिंग दोनदा लिहिलं होतं. स्पेलीने पहिल्याचं आइसलँड केलं आणि दुसऱ्याचं ‘बेट’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. सभागृहाने तिथेच दाद दिली. रोझी लिहिता लिहिता भाषांतर करते: एक जण इंग्रजीत लिहितोय, दुसरा फ्रेंचमध्ये, आणि दोघांनाही आपापल्या भाषेत वाचायला मिळतंय, तेही अक्षर पडतंय तसं.

जावा किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येणाऱ्या कुणालाही स्वतःचा रोबॉट लिहून ॲप इंजिन या गूगलच्या प्रोग्रॅम चालवायच्या सेवेवर चालवता येईल. मला वाटतं, वेव्हचं खरं सोनं इथून निघेल. सभेचं टिपण आपोआप नीट लावणारा, राहिलेल्या कामांची यादी काढणारा, बिघाडाची नोंद थेट यंत्रणेत करणारा रोबॉट लोक बनवतीलच.

मराठीचं काय?

मजकूर युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सांकेतिक पद्धतीत असतो, त्यामुळे देवनागरी लिहायला-वाचायला अडचण नसावी. रोझीचं भाषांतर मात्र गूगल ट्रान्सलेटच्या जिवावर चालतं. त्यातल्या भाषांत हिंदी आहे, मराठी अजून नाही. ती यावी म्हणून मागणी करत राहायला हवं. मागणी करणारे दिसले नाहीत तर यादीत वरचा क्रमांक लागत नाही.

खेळ वगैरे आहेत म्हणे?

आहेत. गॅजेट म्हणतात त्यांना: बुद्धिबळ, सुडोकू, नकाशा, आणि ‘येणार, नाही, बघू’ विचारणारं एक. बुद्धिबळाचा डाव प्लेबॅकने पुन्हा बघता येतो. बस.

म्हणजे आता आपलं सगळं बोलणं गूगलच्या कोठारात?

इथे नीट ऐका, कारण बातम्यांमध्ये हा भाग अगदी कोपऱ्यात गेला आणि माझ्या मते बाकी सगळं बाजूला ठेवून याच्यासाठी आनंद मानावा असा तो आहे.

मेल कुणा एकाच्या मालकीचा नाही. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसऱ्या, तरी मेल पोहोचतो. मेसेंजरचं तसं नाही; एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी सहसा बोलू शकत नाही, म्हणून आपण तीन-तीन खिडक्या उघडून बसतो. वेव्ह मेलच्या बाजूने उभी राहिली आहे. तिचे नियम खुले आहेत, एक्सएमपीपी या संदेश पाठवायच्या, आधीपासून खुल्या असलेल्या प्रणालीवर ते रचलेत, आणि कुणीही, खरंच कुणीही, स्वतःचा वेव्ह सर्व्हर चालवावा असा हेतू जाहीर केलेला आहे. जुलैमध्ये त्यांनी सुमारे ४० हजार ओळींचा कोड खुला केला. त्यात मघाशी सांगितलेलं बदल जुळवण्याचं यंत्रही आहे. प्रात्यक्षिकात तर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारा एक साधा क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्रॅम, दुसऱ्या सर्व्हरवरून जोडून दाखवला, आणि तिथेही बदल क्षणात उमटत होते.

यातली रचनाही विचारपूर्वक केलीय. वेव्हलेट ज्याने सुरू केली त्याच्या सर्व्हरवर ती राहते आणि बाकीच्या सहभागी सर्व्हरना बदल पाठवले जातात. एकाच संस्थेतल्या दोघांनी मोठ्या वेव्हमध्ये खासगी वेव्हलेट काढली तर ती त्यांच्या सर्व्हरबाहेर जातच नाही. गूगललाही ती दिसत नाही.

मात्र भ्रमात राहू नका. तुमची वेव्ह ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याला ती वाचता येते. सर्व्हर-सर्व्हरमधली वाट सुरक्षित केली आहे, पण सर्व्हरच्या आत मजकूर उघडाच असतो. बदल जुळवायचे तर त्याला तो दिसावाच लागतो. तब्येतीच्या, पैशाच्या, घरातल्या गोष्टी लिहिताना हे ध्यानात असू द्या. आणि सुरुवातीला सर्व्हर गूगलचाच असेल. इतरांचे सर्व्हर जोडले जाईपर्यंत हा खुलेपणा कागदावरच राहणार, म्हणून त्याबद्दल विचारत राहणं आपलं काम आहे.

माझ्या संगणकावर चालेल का?

क्रोम, सफारी, फायरफॉक्स यांवर चालेल. इंटरनेट एक्सप्लोररवर थेट नाही. २२ सप्टेंबरला गूगलने क्रोम फ्रेम नावाची जोड आणली. ती एक्सप्लोररमध्ये बसवली तर तिथेही चालेल. प्रात्यक्षिकात आयफोन आणि अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही वेव्ह उघडून दाखवली होती. संगणक फार जुना असेल तर फायरफॉक्सपेक्षा क्रोमवर बघा. ब्राउझरवर जावास्क्रिप्टचा बराच भार पडतो.

आमंत्रण कसं मिळवायचं?

वेव्हच्या अधिकृत पानावर नाव नोंदवा आणि अभिप्राय द्यायची तयारी दाखवा. पैसे घेऊन आमंत्रण ‘विकणारे’ दिसले तर त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. पासवर्ड मागणारे तर चोरच.

या आमंत्रणांबद्दल मला खरीखुरी धास्ती आहे. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेही आमंत्रणावर. १ जीबी जागा ऐकून लोकांना ती थाप वाटली होती, आणि पुढे कितीतरी दिवस लोक आमंत्रणासाठी एकमेकांच्या विनवण्या करत होते. त्या टंचाईने जीमेलचं भलंच झालं, कारण एकट्याला जीमेल मिळालं तरी तो जगातल्या कुणालाही मेल करू शकत होता. वेव्हचं तसं नाही. ती मेलशी जोडलेली नाही. मला मिळाली आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या चौघांना नाही मिळाली, तर मी तिथे एकटा बसून करू काय? लोक आत येतील, इकडेतिकडे बघतील, कुणीच ओळखीचं नाही म्हणून निघून जातील आणि म्हणतील की यात काही राम नाही. असं होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. आमंत्रणं एकेकट्या माणसाला न वाटता गटागटाने वाटली असती तर जास्त बरं झालं असतं.

मग मेल बंद करू का?

मुळीच नाही. अनोळखी माणसाला लिहायला, औपचारिक पत्राला, ‘मी हे अमुक तारखेला कळवलं होतं’ याच्या पुराव्याला मेलच हवा. तिथे पाकीट बंद होतं, हीच त्याची ताकद.

तुला कसली शंका वाटते?

दोन वाटतात. पहिली, गर्दीची. वेव्हमध्ये कुठेही स्वल्पविराम बदलला तरी ती ताजी होऊन यादीत वर येणार. वीस जणांच्या दहा वेव्ह असल्या तर काय वाचायचं राहिलंय हे शोधण्यातच सकाळ जाईल. लक्ष नको असलेली वेव्ह गप्प करायची सोय आहे, पण निवड करायला आणखी काहीतरी लागेल.

दुसरी शंका शिष्टाचाराची. दुसऱ्याच्या वाक्यात हात घालायची मुभा तंत्राने दिली, पण घालावा की नाही हे माणसांनी ठरवायचंय. मेलमध्ये सगळी मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, हे ठरायला वर्षं गेली. इथेही वेळ लागेल. आमच्या गटापुरतं मी असं सुचवलंय की शुद्धलेखन कुणीही बिनधास्त सुधारावं, अर्थ बदलत असेल तर मात्र खोडू नये, शेजारी ब्लिप टाकावा.

आमंत्रण मिळालं तर पहिली वेव्ह कशाची करू?

‘हॅलो, दिसतंय का?’ अशी करू नका. त्यात दहा मिनिटं मजा येते आणि पुढे काही सुचत नाही. तीन-चार जणांचं खरोखर अडलेलं काम घ्या: ज्याचा मसुदा मेलमध्ये फिरून फिरून दमलाय असं टिपण, नाहीतर कोण काय करणार याची यादी. सगळ्यांना आत येता येईल अशी एक ठरावीक वेळ धरा. आधी मसुदा चिकटवा, मग प्रत्येकाने आपापली शंका वाक्याच्या मध्येच टाकावी. शंका सुटली की तो ब्लिप काढून टाकायचा आणि मूळ वाक्य सुधारायचं. शेवटी उरेल तो तयार कागद. मग न आलेल्या एखाद्याला जोडा आणि त्याला प्लेबॅक दाबायला सांगा.